शेवळांसोबत काकडं फुकट

मृगाच्या आगेमागे दादर स्टेशनच्या पश्चिमेला, फूलबाजाराकडे वळणाऱ्या गर्दीत, फुटपाथवर शेवळं दिसायला लागतात. कर्जत-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या बायका प्लास्टिकच्या कागदावर जुड्या मांडून बसतात. मिटलेल्या छत्रीसारखे तपकिरी-जांभळे कोंब, बुडाला माती तशीच. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणारी ही भाजी, त्यामुळे भावही तसाच. घासाघीस करायची हिंमत होत नाही, कारण मागे दुसरी कुणीतरी पर्स उघडून उभी असते.

यंदा मी दोन जुड्या घेतल्या. मावशींनी माझ्याकडे, मग खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं आणि मूठभर हिरवी काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, आपणहून माझ्या पिशवीत टाकली. "ताई, आतला पिवळा भाग काढून टाकायचा. आन् ही काकडं ठेचून त्याचा रस घालायचा, नायतर घसा खाजंल." काकडांचे किती झाले म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं काय घ्यायचं?"

शेवळं हे सुरणाच्या कुळातलं रोप. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात, आणि काकडाचा आंबटपणा हा त्यावरचा उतारा. मला हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागली. मावशींकडे ते घरातूनच आलं असणार.

मी अंधेरीत एका औषध कंपनीच्या कचेरीत बसते. वनस्पतीपासून काही बनवायचं असलं की लागणाऱ्या सरकारी परवानग्यांचे अर्ज भरणं हे माझं काम. त्या अर्जांच्या भाषेत शेवळं म्हणजे 'जनुकीय संसाधन' आणि काकडांचा सल्ला म्हणजे 'त्याच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान'. उद्या कुणी या दोहोंवरून खाज शमवणारं मलम काढलं आणि जगभर विकलं, तर मावशींना काय मिळायला हवं? ते कुणी द्यायचं? आणि त्याआधी त्यांना विचारायचं कुणी? या तीन प्रश्नांवर जगातले देश तीस वर्षांहून जास्त काळ वाटाघाटी करतायत. त्यातून जे नियम निघाले, त्यांना आमच्याकडे थोडक्यात 'एबीएस' म्हणतात, म्हणजे 'ॲक्सेस अँड बेनिफिट शेअरिंग'. मराठीत सांगायचं तर, घ्यायचं कसं आणि वाटायचं कसं.

गॅलरीतली सदाफुली

चाळीच्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात हमखास एक सदाफुली असते. पाणी घाला न घाला, फुलत राहते. ही मूळची आपली नाही, मादागास्करची. हिच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही दोन औषधं मिळाली. परळला टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या सलाइनमधून आजही व्हिन्क्रिस्टीन जातं.

ही औषधं सापडली ती १९५०च्या दशकात, आणि तीही वेगळंच काही शोधताना. जमैकात लोक मधुमेहावर सदाफुलीचा काढा पीत. तिथून काही पानं कॅनडातल्या एका डॉक्टरकडे आली. प्रयोगात साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यावरून संशोधकांनी कर्करोगाकडे मोर्चा वळवला. अमेरिकेतही एक औषध कंपनी त्याच झाडावर काम करत होती. पुढे औषधं बाजारात आली, मुलं जगायला लागली.

आता हिशोब मांडा. झाड मादागास्करचं, काढ्याची कल्पना जमैकाची, प्रयोगशाळा कॅनडा आणि अमेरिकेतल्या. मादागास्करला यातून काहीच मिळालं नाही, आणि मिळावं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलंही नव्हतं. तेव्हाची समजूत अशी होती की रानातलं ते अवघ्या मानवजातीचं. ऐकायला कीर्तनातल्या ओळीसारखं छान वाटतं. प्रत्यक्षात बी, पान, मुळी गरीब देशातून फुकट जायची आणि पेटंट लागलेलं औषध किंवा बियाणं विकत परत यायचं.

१९९२ साली रिओ दि जानेरोत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९९३च्या डिसेंबरात तो लागू झाला आणि ही समजूत कागदावर तरी संपली. या कराराचे हेतू तीन. जैवविविधता जपायची, ती बेताने वापरायची आणि वापरातून होणारा फायदा न्याय्य रीतीने वाटायचा. पहिल्या दोन हेतूंवर बोलायला सगळ्यांना आवडतं. भांडण कायम तिसऱ्यावर. करारात म्हटलं की आपल्या हद्दीतल्या जैविक संपत्तीवर त्या-त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे, म्हणून घेण्याआधी परवानगी मागा. आणि आठव्या कलमाच्या 'जे' या पोटकलमात आदिवासी व स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा मान राखा, त्यांच्या संमतीने वापरा आणि फायद्यात त्यांना वाटा मिळेल असं बघा, असं आलं. भारत १९९४मध्ये सदस्य झाला. अमेरिकेने सही केली, पण करार मंजूर केला नाही. ती आजही बाहेर आहे, हे लक्षात ठेवा, कारण औषधांचा सगळ्यात मोठा बाजार तिथे आहे.

हळदीच्या लढाईत पैसे कुणालाच मिळाले नव्हते

हा विषय निघाला की आमच्या आत्या लगेच म्हणतात, "हळदीचं पेटंट आपण जिंकलं ना?" जिंकलं, पण ते प्रकरण वेगळं आहे.

१९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरते या 'शोधाचं' अमेरिकी पेटंट मिळालं. शोधकर्ते म्हणून नावं होती दोन भारतीय वंशाच्या संशोधकांची. गुडघा फुटला की आई हळद दाबते हे ज्याला माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही, पण पेटंट कचेरीत 'आईला माहीत होतं' हा पुरावा चालत नाही. छापलेलं काहीतरी लागतं. तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गिरगावात वाढलेले, महापालिकेच्या शाळेत शिकलेले. परिषदेने ३२ संदर्भ गोळा करून दिले. त्यांत संस्कृत ग्रंथातले उल्लेख होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३मध्ये छापून आलेला एक लेखही होता. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. वर्तमानपत्रांनी या लढाईला हळदीघाट म्हटलं.

पण यात वाटणी कुठेच नव्हती. 'हे नवं नाही, म्हणून पेटंट देऊ नका' एवढंच आपण सिद्ध केलं. चोर पकडला, पण ऐवजाची किंमत ठरली नाही. कडुनिंबाच्या युरोपातल्या पेटंटचंही तेच झालं. २०००मध्ये रद्द, २००५मध्ये अपिलातही रद्द. यातून शहाणपण येऊन आपण पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले औषधांचे योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत उतरवून पेटंट कचेऱ्यांना तपासायला दिले. ही भिंत चांगली आहे. पण ती पुस्तकातल्या ज्ञानाची राखण करते. शेवळं आणि काकडं कुठल्या संहितेत आहेत?

विचारा, ठरवा, द्या

रिओच्या करारात तत्त्व आलं, यंत्रणा आली नाही. ती यायला अठरा वर्षं लागली. २०१०च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नागोया शहरात एक पूरक करार झाला, २०१४मध्ये लागू झाला. आज १४०हून जास्त देश त्यात आहेत.

नागोयाचं म्हणणं घरगुती भाषेत असं: शेजारच्या बागेतला कढीपत्ता तोडायच्या आधी बेल वाजवा. काय करणार आहात ते खरं सांगा. फोडणीला हवाय की लोणच्याचा कारखाना काढताय? त्यांनी हो म्हटलं तर काय द्यायचं ते तेव्हाच ठरवून लिहून घ्या. पैसेच पाहिजेत असं नाही. प्रशिक्षण, संशोधनात सहभाग, निष्कर्षांची माहिती, शोधनिबंधावर नाव, यांतलं काहीही चालेल. मग त्या देशाने तुम्हाला एक प्रमाणपत्र द्यायचं, आणि तुमच्या देशाने ते तपासायचं. हा शेवटचा भाग खरा नवा. आधी माल सीमेपार गेला की विषय संपायचा. आता घेणाऱ्या देशावरही जबाबदारी आली. भारताने असं पहिलं प्रमाणपत्र २०१५मध्ये दिलं, गुजरातेतल्या सिद्दी समाजाच्या वनौषधींच्या ज्ञानावर काम करणाऱ्या, ब्रिटनच्या एका विद्यापीठाशी संबंधित संशोधकाला.

इथे आत्यांचा पुढचा प्रश्न आला. "मग मी न्यू जर्सीला मेतकूट पाठवते ते?" खुशाल पाठवा. खाणं, विकणं, भाजी म्हणून वापरणं हा या नियमांतला 'वापर' नव्हे. वापर म्हणजे त्या वनस्पतीच्या जनुकांवर किंवा त्यातल्या रसायनांवर संशोधन करून काही घडवणं. आपल्या कायद्यात नेहमीच्या व्यापारी मालाची वेगळी यादी आहे, त्यातल्या वस्तू निव्वळ माल म्हणून विकल्या तर परवानगी लागत नाही. पण तुमच्या मुलाने सुट्टीत इथे येऊन सह्याद्रीतलं एखादं पान प्रयोगशाळेसाठी बॅगेत टाकलं, तर तो भारतीय नागरिक असला तरी अनिवासी म्हणून त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागेल. आत्या म्हणाल्या, तो कसला पानं तोडतोय, त्याला कोथिंबीर आणि मेथी वेगळी ओळखता येत नाही.

न थकणारे वाटाडे

वाटणीचं जे उदाहरण जगभर सांगितलं जातं ते आपल्याच देशातलं, आणि रिओच्याही आधी सुरू झालेलं. १९८७ साली केरळच्या अगस्त्य डोंगरांत वनस्पती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचं पथक चढत होतं. सोबत वाट दाखवायला काणी आदिवासी. शास्त्रज्ञ धापा टाकतायत आणि काणी मात्र मधूनमधून कसली तरी बारीक फळं तोंडात टाकत ताजेतवाने चालतायत. विचारलं तर आधी सांगेनात. बाहेरच्याला सांगायचं नाही असा रिवाज. बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्यावर झाड दाखवलं. आरोग्यपच्चा.

त्रिवेंद्रमजवळच्या पालोडे इथल्या वनस्पती उद्यान-संशोधन संस्थेने त्यापासून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं आणि १९९५मध्ये कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला सात वर्षांसाठी परवाना दिला. दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के. संस्थेने ठरवलं की यातलं निम्मं काणींचं. पैसे द्यायला काणींची नोंदलेली संस्थाच नव्हती, म्हणून १९९७मध्ये त्यांचा न्यास काढावा लागला.

गोष्ट इथेच थांबवली तर गोड आहे. पण झाड दाखवलं दोघा-तिघांनी, काणी हजारोंनी, वेगवेगळ्या पाड्यांत विखुरलेले. ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं अशा काही वैदूंनी विरोध केला, की हे ज्ञान विकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पानं जंगलातून आणायची तर वनखात्याने अडवलं. तरीही मी हे उदाहरण वाईट म्हणणार नाही. कायदा नसताना काही लोकांनी सरळ मनाने केलेली ती वाटणी होती. मात्र पहिली मेख तिथेच दिसली: पैसे तयार आहेत, पाकिटावर पत्ता कुणाचा घालायचा?

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांची गोष्ट याहून कोरडी. हूडिया नावाचं निवडुंगासारखं झाड चघळून ते शिकारीच्या लांब वाटेवर भूक मारत. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने आधी पेटंट घेतलं आणि सानांशी करार केला तो २००३मध्ये, बोभाटा झाल्यावर. टक्केवारी ठरली. पण वजन कमी करणारं ते औषध बाजारात आलंच नाही. मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक हात काढून घेतला. शून्याचे सहा टक्के किती होतात ते पहिलीतलं पोरही सांगेल. रॉयल्टीच्या आशेवर जंगल वाचवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये, कारण शंभर वनस्पती तपासल्या तरी एखादं औषधही हाती लागेल याची खात्री नसते.

नरक्या

माझ्या मते आपल्या माणसांनी या विषयात कुठली एक गोष्ट लक्षात ठेवावी तर ती हळदीची नव्हे, नरक्याची.

कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्या नावाचं मध्यम उंचीचं झाड आहे. फुलांना घाण वास. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही 'फीटिडा' आहे, म्हणजे दुर्गंधीच. गावात त्याला फारशी किंमत नव्हती. तिकडे अमेरिकेत १९६६मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाला रोखणारं द्रव्य वेगळं केलं. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं प्रसिद्ध औषधही याच जोडीचं. मग १९७२मध्ये गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे, आणि भरपूर आहे.

१९९६मध्ये कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली दोन औषधं, टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन, अमेरिकेत मंजूर झाली. मागणी वाढली. ज्या झाडाकडे कुणी बघत नव्हतं त्याच्यावर कुऱ्हाडी पडायला लागल्या. खोड, मुळं, साल, सगळं तोडून, वाळवून, पोत्यात. वर्तमानपत्रांच्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पानांवर 'नरक्याची तस्करी' हा मथळा ओळखीचा झाला. पकडला जातो तो टेम्पो, आणि टेम्पोतला माणूस बहुतेक वेळा किलोमागे मिळणाऱ्या मजुरीवर आलेला.

आता वर सांगितलेले नियम नरक्याला लावून बघा. पारंपरिक ज्ञान? या उपयोगापुरतं नाहीच, तो प्रयोगशाळेत कळला. परवानगी? निम्मा धंदा होऊन गेल्यावर २००२मध्ये आपला जैविक विविधता कायदा आला. तस्करीचा माल तर अर्ज भरतच नाही. फायदा कुणाला द्यायचा? सावंतवाडीला, शाहूवाडीला, की झाड कर्नाटकातही आहे म्हणून तिकडे? आणि ते श्रीलंकेतही उगवतं. सदाफुलीचाच प्रश्न, फक्त या वेळी आपण मादागास्करच्या जागी.

बीएमसीची बीएमसी

भारताच्या कायद्याची तीन मजली रचना आहे. वर चेन्नईचं प्राधिकरण, मध्ये राज्याचं जैवविविधता मंडळ, महाराष्ट्राचं नागपुरात, आणि तळाला प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती. या समितीचं इंग्रजी लघुरूप बीएमसी. त्यामुळे मुंबईत 'बीएमसीची बीएमसी' असा घोळ होतो आणि फोनवर समजावताना माझी निम्मी दुपार जाते.

तळाच्या समितीने लोकांची जैवविविधता नोंदवही करायची. गावात काय उगवतं, कोण काय ओळखतं, कशाला वापरतं. कल्पना उत्तम. पण वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२०च्या जानेवारीअखेरची मुदत घालून दंडाची तंबी दिली, आणि देशभर पावणेतीन लाखांच्या आसपास समित्या आणि तितक्याच वह्या धडाधड तयार झाल्या. घाईत केलेल्या वह्या कशा असतात हे शाळेत ज्याने आदल्या रात्री प्रयोगवही भरली त्याला सांगायला नको.

आणि वही चांगली झाली तरी एक पेच राहतोच. त्यात लिहिलं की अमुक झाड अमुक ओढ्याकाठी आहे, तर ती वही कुणी-कुणी वाचायची? हक्काचा पुरावा आणि चोराला नकाशा, दोन्ही एकाच पानावर.

पैशांचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांना बरेच दिवस वाटायचं की हे सगळं परदेशी लोकांसाठी आहे. दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध कंपनीने उत्तराखंड उच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला. न्यायालयाने २०१८च्या डिसेंबरात नागोयाचा आधार घेत सांगितलं की वाटणी देशी कंपनीलाही लागू. दर फार नाहीत. २०१४च्या नियमांत वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के असा एक पर्याय होता. २०२५च्या नव्या नियमांत पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना काही नाही, त्यावर ०.२पासून चढत २५० कोटींच्या पुढे ०.६ टक्के. मधल्या काळात २०२३ची दुरुस्ती आली. तुरुंगाची शिक्षा गेली, दंड राहिला. आयुष वैद्य, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि 'संहिताबद्ध', म्हणजे ग्रंथांत लिहिलेलं, ज्ञान यांना बरीच सूट मिळाली. उद्योगाला हायसं वाटलं, माझंही काम हलकं झालं, खोटं कशाला बोलू. पण चरकात नाव आहे म्हणून ज्ञानाचे पैसे लागत नाहीत, आणि तीच मुळी रानात ओळखून काढणारी बाई मात्र रोजंदारीवर, हे काही मनाला पटत नाही.

आता अर्जातला तो रकाना. 'संसाधन कुठून मिळवले: गाव, तालुका, जिल्हा.' एकदा एका मुळीसाठी हा रकाना भरायचा होता. खरेदी विभागाने सांगितलं, मशीद बंदरच्या व्यापाऱ्याकडून. व्यापाऱ्याला फोन केला. "मॅडम, माल नागपूरचा." नागपूरवाला म्हणाला, छत्तीसगडच्या बाजूचा, बाजाराच्या दिवशी येतो. तिथे कोण आणतं? "लोक आणतात." मी तीन दिवस फोन केले. शेवटी वरिष्ठ म्हणाले, मशीद बंदर लिही. लिहिलं नाही, पण अर्ज दोन महिने रखडला. पत्ता नसेल तर पैसे सरकारी निधीत जातात आणि संवर्धनावर खर्च होतात, अशी सोय कायद्यात आहे. ज्या बाजारातल्या 'लोकांनी' ती मुळी खणली त्यांच्यापर्यंत मात्र काही जात नाही.

फाइलला माती लागत नाही

बाकीचे आंतरराष्ट्रीय नियम भराभर सांगते. शेतीच्या बियाण्यांसाठी २००१चा वेगळा करार आहे. गहू, भात यांसारख्या ६४ पिकांचं वाण सगळ्या सदस्य देशांनी एका सामायिक साठ्यात ठेवायचं, ठरावीक नमुन्याचा करार करून घ्यायचं. दर वेळी मालकाला शोधत बसलं तर पीकसुधारणाच थांबेल, म्हणून. समुद्रात कुठल्याच देशाची हद्द नसते तिथल्या जीवांसाठी २०२३मध्ये करार झाला, २०२६च्या जानेवारीत लागू झाला. तिथे तर माशांशिवाय कुणी राहतच नाही, तरी वाटणी आहेच.

विषाणूंची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी. २००७मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचं थांबवलं. म्हणणं साधं होतं: आजारी माणसं आमची, नमुना आमचा, त्यावरून लस करणार परदेशी कंपनी, आणि ती विकत घ्यायची ऐपत आमच्यात नाही. जग संतापलं, पण मुद्दा खोडता आला नाही. २०११मध्ये इन्फ्लुएन्झासाठी चौकट ठरली. नमुने सगळे देतील, आणि त्यांचा उपयोग करणाऱ्या कंपन्या दरवर्षी पैसे देतील, साथ आली की लशींचा काही हिस्सा राखून ठेवतील. कोविडनंतरचा साथीविषयक करार २०२५च्या मे महिन्यात मंजूर झाला, पण नमुने आणि लशींच्या वाटणीचा कळीचा भाग वेगळ्या परिशिष्टावर ढकलून.

आणि आता सगळ्यात अवघड. आज पान न्यायला कुणाला यावंच लागत नाही. एकदा जनुकक्रम वाचला की तो म्हणजे चार अक्षरांची लांबलचक फाइल. ती सार्वजनिक संगणक-साठ्यात टाकली की जगात कुणीही उतरवून घ्यावी, हवं ते जनुक यीस्टमध्ये घालावं आणि तिथे द्रव्य बनवावं. बेल वाजवायला दारच उरलं नाही. शास्त्रज्ञ म्हणतात, हे साठे खुले राहू द्या, नाहीतर संशोधन गुदमरेल. कोविडची लस इतक्या लवकर आली ती विषाणूची फाइल २०२०च्या जानेवारीत खुली झाली म्हणूनच. हेही खरं. मग वाटणी कशी?

२०२४च्या शेवटी कोलंबियातल्या काली शहरात एक तोडगा निघाला. फाइलनिहाय हिशोब नको, अशा माहितीवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या एक टक्का किंवा उलाढालीच्या ०.१ टक्का एका निधीत टाकावा, आणि त्यातला निदान अर्धा आदिवासी व स्थानिक समाजांसाठी असावा. काली निधी २०२५च्या फेब्रुवारीत सुरू झाला. 'टाकावा' हा शब्द मात्र नीट वाचा. सक्ती नाही. गणपतीच्या वर्गणीलाही याहून जास्त दडपण असतं.

कालीच्या आधी, २०२४च्याच मे महिन्यात, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत आणखी एक करार झाला. पेटंट मागताना जनुकीय संसाधन कुठल्या देशातून आलं, ज्ञान कुठल्या समाजाचं, ते उघड करायचं. पंधरा देशांनी मान्यता दिली की तो लागू होणार. म्हणजे तोच रकाना, जगभर. गाव, तालुका, जिल्हा.

शेवळं त्या रात्री केली. पिवळा भाग काढला, कोंब बारीक चिरले, काकडं ठेचून रस घातला, कोलंबीही घातली. घसा खाजला नाही. दोन दिवसांनी सांगायला गेले तेव्हा मावशींकडे शेवटच्या चार जुड्या होत्या. सवयीने विचारलं, "मावशी, ही कुठून आणता?"

"डोंगरातनं."

"कुठल्या डोंगरातनं? गाव कुठलं?"

त्यांनी जुडीची दोरी आवळली आणि हसल्या. "जागा सांगितली तर उद्या टेंपो घेऊन येशील." मग चारातली बरी जुडी निवडून माझ्यापुढे केली. काकडं संपली होती. "आज चिंच घाल," म्हणाल्या.